ओली वडी मोरीत, कोरडी वडी तिजोरीत

केस रंगवलेस, छान केलंस. ती तांबूस छटा तुला शोभते. तुझ्या आईपुढे मात्र मी हे बोलणार नाही, कारण केस रंगवायचे ते पांढरे झाल्यावरच, असं तिला अजून वाटतं. प्लास्टिकच्या बाटल्या बंद करून शाम्पूचा बार आणलास, तेही झकास. पण बाई, दोन्ही एकदम केलंस, आणि तेही नागपुरात, बोअरच्या पाण्यावर! म्हणून हे सगळं लिहून देते. फोनवर सांगितलं तं तू "हो मावशी, हो मावशी" म्हणत दुसरंच काही बघून राहते, हे मला इथून कळतं.

एक गोष्ट पक्की धर, बाकीचं तिच्या मागून येतं. 'शाम्पू बार' या एकाच नावाखाली बाजारात दोन जातींच्या वड्या मिळतात. एक असते साबण आणि दुसरी बिनसाबणाची. दिसायला सारख्या, वासाला सारख्या. रंगवलेल्या केसांना आणि आपल्याकडच्या जड पाण्याला दुसरीच मानवते. ज्यांचा रंग पंधरा दिवसांत विटतो, त्या बायका रंगाला नावं ठेवतात, पार्लरवालीशी भांडतात, पण न्हाणीतल्या वडीकडे कोणी बघत नाही.

आधी वडीची जात ओळख

१. कागद उलटा करून मागची बारीक अक्षरं वाच – पुढे 'नैसर्गिक', 'शिकेकाई', 'आजीचा नुस्का' काहीही छापता येतं, आत काय आहे ते मागेच कळतं. पुढून पाहावं रूप, मागून वाचावं स्वरूप.

२. सोडियम पामेट, सोडियम ऑलिव्हेट, सोडियम कोकोएट यांतलं काही यादीच्या सुरुवातीला दिसलं तर तो साबण – तेल आणि कॉस्टिक सोडा यांचाच तो, मग कारखान्यात झालेला असो की कुणी घरी हातानं ओतलेला.

३. पहिलंच नाव सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असं लांबलचक असेल तर बिनसाबणाची वडी समज, तिला सिन्डेट बार म्हणतात – हा घटकही खोबरेलातल्या आम्लांपासूनच करतात, पण तो साबणासारखा खारवट नसतो.

४. कोकोएट आणि कोकोइल ही दोन नावं सावकाश वाच, लागलं तर मोबाइलवर फोटो मोठा करून वाच – एवढ्याशा फरकानं वडीची जातच बदलते, आणि दुकानदाराला घाई असते.

५. वेष्टनावर 'टीएफएम' लिहून पुढे टक्के दिले असतील तर ती वडी अंगाला वापर, केसांना नको – टीएफएम म्हणजे साबणातल्या स्निग्ध पदार्थाचं प्रमाण, तेव्हा आत साबण आहे हे कंपनीनंच सांगून टाकलं.

६. 'शिकेकाई' नावाचा साबण आणि शिकेकाईची पूड यांची गल्लत करू नको – इतवारीत मिळणारी सुटी शिकेकाई आणि रिठा यांचं पाणी आम्लाकडे झुकतं, त्यांच्या नावाचा साबण मात्र बहुधा साबणच असतो.

७. अंगाची बिनसाबणाची वडीही डोक्याला घासू नको – तिच्यात त्वचा मऊ राहावी म्हणून स्निग्धाम्लं भरपूर घातलेली असतात, ती केसांवर मेणचट बसतात.

८. कागद हरवला असेल तर हळदीला विचार: वाटीत वडीचा थोडा फेस घे आणि चिमूटभर हळद टाक. हळद लाल झाली तर साबण, पिवळीच राहिली तर वडी कामाची – साबण खारवट असतो आणि खारवट पाण्यात हळद रंग बदलते. हळदीचा डाग साबणानं धुताना लाल होतो, तो याचसाठी.

आता यामागचं कारण जरा ऐकून घे. केसावर बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे एकावर एक बसलेले. पक्का रंग लावताना अमोनिया किंवा तसाच एखादा अल्कली हे खवले उचलतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड केसाचा मूळ रंग फिकट करतो. रंगाचे बारीक रेणू आत शिरतात आणि आतच एकमेकांना जोडून मोठे होतात. मोठे झाले की सहज बाहेर पडत नाहीत, म्हणून त्या रंगाला पक्का म्हणायचं. साबणाच्या फेसाचा सामू, म्हणजे डबीवर पीएच लिहितात तो, साधारण ९ ते १० असतो. आपल्या टाळूचा असतो साडेपाचच्या आसपास. दर न्हाण्याला साबण लावलास तर केस फुगतो, खवले पुन्हा उचलले जातात आणि आतला रंग थोडाथोडा पाण्याबरोबर निघून जातो. चांगल्या सिन्डेट बारचा सामू ५ ते ६ च्या घरात ठेवलेला असतो, म्हणून खवले जागच्या जागी राहतात.

साबण वाईट, असं मी म्हणत नाही. १९१८-१९ च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हापासून आपल्या घरांत तो सुखानं नांदतो आहे. त्याच घराण्याच्या कंपनीनं १९७४ साली केसांचा डाय आणला. दोन्ही वस्तू एका घराण्याच्या असल्या म्हणून एका डोक्यावर नांदतीलच असं नाही, एवढंच सांगते.

आणि तुझी ती मैत्रीण म्हणते ना, की सिन्डेट म्हणजे 'केमिकल' आणि साबण म्हणजे 'नॅचरल'? तिला विचार, कॉस्टिक सोडा कुठल्या झाडाला लागतो.

मग पाण्याची

तुझ्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव दिलं, ते स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकात नागपूरचे दगड अभ्यासत फिरले होते. शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून पुष्कळ जुना नाईस. बोअरचं पाणी या दगडांच्या भेगांतून येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. साबणाची या दोघांशी गाठ पडली की पांढरट चिकट साका तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, बादलीच्या कडेला बसतो आणि तुझ्या केसांवरही. मग रंग आत असूनही वरून राखाडी दिसतो, हाताला केस चिकट लागतात आणि तू म्हणतेस, "मावशी, बार बेकार आहे." बार बेकार नाही गं, जोडी चुकली.

९. नळाला कुठलं पाणी येतं ते सोसायटीच्या सेक्रेटरीला विचार – पेंच आणि कन्हानचं महापालिकेचं पाणी बोअरच्या मानानं हलकं असतं, पण बेसा-हुडकेश्वरकडे कितीतरी इमारतींत दोन्ही एकाच टाकीत मिसळतात.

१०. विचारायला लाज वाटत असेल तर तुरीच्या डाळीवर लक्ष ठेव: कुकरच्या शिट्ट्या वाढत चालल्या की पाणी जड – कॅल्शियममुळे डाळ लवकर मऊ होत नाही. ज्या पाण्यावर डाळ रुसते, त्यावर वेणीही रुसते.

११. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घे, साध्या साबणाचा किस टाक आणि हलव – फेस कमी आणि वर पांढऱ्या गुठळ्या आल्या तर तुझ्या पाण्यासाठी साबणाची वडी कामाचीच नाही.

१२. तुरटी फिरवून पाणी हलकं होईल, असं शेजारच्या काकू सांगतील. त्यांना हो म्हण आणि सोडून दे – तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार जागेवरच राहतात.

१३. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी केसांना घेऊ नको, त्यानं फरशी पूस – गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जातात, तेव्हा ते मूळ पाण्याहून जड असतं.

१४. आरओचं गाळलेलं पाणी मात्र शेवटच्या एका तांब्यापुरतं घ्यायला हरकत नाही – क्षार निघून जातात. बादलीभर घेऊ नको, त्यासाठी पुष्कळ पाणी वाया जातं.

१५. पावसाळ्यात दोन-चार सरी पडून गच्ची धुतली गेली की मग गच्चीचं पाणी भरून घे – पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या सरीच्या पाण्यात कबुतरांचं सगळं असतं, ते नको.

१६. काही कारणानं साबणाचीच वडी संपवायची असेल तर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते शेवटी केसांवर ओत – आम्लानं साका सुटतो आणि उचललेले खवले बसतात. मात्र गेलेला रंग यानं परत येत नाही, तेवढी आशा ठेवू नको.

१७. व्हिनेगरऐवजी लिंबू पिळून उन्हात केस वाळवत बसू नको – लिंबू आणि ऊन एकत्र आले की केस फिकट होतात. संत्र्याचा रस ओतायची कल्पनाही डोक्यातून काढ. नागपूरची आहेस म्हणून प्रत्येक ठिकाणी संत्रं लागत नाही, केस नुसते चिकट होतील.

रंग लावल्यानंतरचे पहिले दिवस

१८. रंगवल्यावर दोन-तीन दिवस डोक्यावरून न्हाऊ नको – पार्लरवालीही हेच सांगते आणि यात तुझं काही जात नाही. लग्न शनिवारी असेल तर रंग मंगळवारी-बुधवारी लाव, शुक्रवारी रात्री नको.

१९. मेंदी-नीळ लावली असेल तरी एक-दोन दिवस वडी लांब ठेव – मेंदीचा रंग हवेत हळूहळू गडद होतो, पहिल्या दिवशीची भगवी चमक बघून घाबरू नको.

२०. पहिल्या एक-दोन न्हाण्यांत फेस रंगीत आला तर रडत फोन करू नको – वर राहिलेला जास्तीचा रंग निघतो आहे. पाचव्या-सहाव्या न्हाण्यालाही रंगीतच आला, मग कर.

२१. त्या दिवसांत उशीला जुना अभ्रा घाल आणि पांढरा टॉवेल कपाटात ठेव – तुझी सासू काही बोलणार नाही, पण बघेल.

२२. फॅशनचे निळे-जांभळे रंग बहुधा केसाच्या वरच्या थरांतच बसतात, ते कुठल्याही वडीनं उतरतात – चूक वडीची नाही, तो रंगच तसा. ते हवेच असतील तर न्हाणं कमी कर.

आता प्रत्यक्ष न्हाणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वडी बरोबर आणि पाणी बरं असूनही अर्ध्या जणींचा रंग हाताच्या सवयींनी जातो.

२३. रोज न्हायची सवय सोड, आठवड्याला दोनदा पुरे – रंग काढून नेण्यात शाम्पूइतकाच, किंबहुना जास्तच, हात पाण्याचा असतो. केस जितका वेळ ओला, तितका वेळ फुगलेला.

२४. मे महिन्यात घामानं जीव नकोसा होतो, कबूल; तेव्हा मधल्या दिवशी नुसती टाळू ओल्या पंच्यानं पुसून घे – घाम टाळूला येतो, लांब केसांना येत नाही.

२५. उन्हाळ्यात पहाटे न्हा, दुपारी नाही – पारा ४५ च्या पुढे गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, आणि गरम पाण्यानं रंग लवकर सुटतो.

२६. पहाटे उठणं होत नसेल, आणि होत नाही हे मला माहीत आहे, तर रात्रीच बादली भरून न्हाणीत झाकून ठेव – सकाळपर्यंत पाणी निवतं. निवतं म्हणाले, हलकं होतं असं नाही.

२७. थंडीत गीझर अंगासाठी लाव, डोक्याला कोमटच घे – डिसेंबर-जानेवारीत कढत पाणी डोक्यावर फार गोड लागतं, पण त्या गोडीची किंमत रंग देतो.

२८. आधी केस पूर्ण भिजू दे, मुळापर्यंत, मग वडीला हात लाव – कोरड्या केसांवर फेस पसरत नाही आणि मग आपण वडी घासत बसतो.

२९. वडी तळहातावर फिरवून फेस कर आणि तो फेस टाळूला लाव. वडी केसांच्या लांबीवर चोळू नको – चोळल्यानं खवले उलटे होतात आणि एकाच जागी शाम्पूचा थर बसतो. फेस मुठीत, रंग गाठीत.

३०. हातानं फेस नीट होत नसेल आणि वडी डोक्याला लावावीच लागली तर मुळाकडून टोकाकडे, दोन-तीन हलके हात, बस – खवले त्याच दिशेला बसलेले असतात.

३१. बोटांच्या पेरांनी टाळू चोळ, नखांनी नाही – नखांनी मळ जास्त निघतो हा भ्रम आहे, ओरखडे मात्र हमखास निघतात, आणि त्यावर पुढच्या वेळी डाय लागला की आग होते.

३२. टोकांना वेगळा शाम्पू लावू नको – टाळूवरून ओघळणारा फेस त्यांना पुरतो. टोकं सगळ्यात जुनी आणि कोरडी असतात, रंगही आधी तिथूनच जातो.

३३. टोकांकडे विशेष लक्ष दे गं, कारण मुळं काळी आणि टोकं पिवळी झाली की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडायची सोय नाही – महालातली पोट्टी काळी-पिवळी मारबतीची मिरवणूक तुझ्याच डोक्यावर निघाली म्हणतील.

३४. फेस लावायला जितका वेळ घेतलास, त्याच्या दुप्पट वेळ तो धुवायला घे – वडीचा शाम्पू घट्ट असतो, कानामागे आणि मानेवर राहून जातो. घाईचं न्हाणं, रंगाचं वाहणं.

३५. एकदाच शाम्पू कर. दुसऱ्यांदा फक्त तेल जास्त झालं असेल तरच – बाटलीवर 'पुन्हा करा' छापलेलं असायचं, ते बाटली लवकर संपावी म्हणून.

३६. कंडिशनर टोकांना लाव, त्याचाही बार मिळतो – बिनसाबणाची वडी झाली तरी ती तेलकटपणा नेतेच, आणि कोरडा केस गुंतला की ओढाताण होते.

३७. टॉवेलनं खसाखसा पुसू नको, जुन्या सुती पंच्यानं दाबून पाणी टिप – ओला केस फुगलेला आणि नाजूक असतो. गच्च गुंडाळून त्यावर हेल्मेट घालून ऑफिसला पळणं, हे तर अजिबात नको.

तेलाचं

खोबरेल लावायचं की नाही, यावर आपल्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोघंही माझ्याकडे न्याय मागतात. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना छापली होती. धुण्याआधी किंवा नंतर खोबरेल लावलं तर केसातलं प्रथिन कमी जातं, इतर दोन तेलांनी तसा फायदा होत नाही, असं त्यांना आढळलं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचंच संशोधन, तेव्हा जरा सावधपणे वाच. पण खोबरेल केसाच्या आत शिरतं ही गोष्ट नंतरही टिकली आहे.

३८. न्हायच्या तासभर आधी चमचाभर खोबरेल लांबीला आणि टोकांना लाव – केस पाणी कमी शोषतो, कमी फुगतो.

३९. चमचाभर म्हणाले, वाटीभर नाही – तेल निथळेपर्यंत लावलंस तर ते काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि तेलानं वाचवलेलं सगळं शाम्पू घेऊन जातो.

४०. नुकता रंग लावला असेल तर पहिल्या आठवड्यात तेल नको – तेल आलं की शाम्पू आला, आणि त्या आठवड्यात तो होईल तितका कमी करायचा आहे.

वडीचा सांभाळ

'एक वडी म्हणजे दोन बाटल्या' असं डबीवर लिहितात. असेलही. पण ती डबी लिहिणाऱ्याच्या न्हाणीत बहुधा शॉवरचं पाणी वडीवर पडत नाही. तुझ्याकडे पडतं, मी मागच्या खेपेला पाहून आले.

४१. जाळीची साबणदाणी घे आणि ती शॉवरपासून लांब, खिडकीपाशी ठेव – वडी दोन न्हाण्यांच्या मध्ये खडखडीत वाळली पाहिजे. ओली वडी मोरीत, कोरडी वडी तिजोरीत.

४२. नवी वडी आणली की सुरीनं चार तुकडे कर, एक बाहेर ठेव, तीन डब्यात – लहान तुकडा मुठीत बसतो, आणि भिजला तरी एकच भिजतो.

४३. जुलै-ऑगस्टमध्ये वडी लिबलिबीत होईल, तेव्हा वापरून झाल्यावर ती न्हाणीतून बाहेर काढून पंख्याखाली ठेव – पावसाळ्यात न्हाणी वाळतच नाही. उन्हाळ्यात उलट, तडकून भुगा झाला तर भुगा जाळीच्या पिशवीत भर आणि वापर.

४४. गावाला जाताना वडी आदल्या दिवशीच वाळवून डबीत घाल – ओली वडी डबीत बंद करून रात्रभराच्या गाडीनं पुण्याला पोचलीस, तर उतरल्यावर डबीत लापशी मिळेल.

४५. जावईबापूंना त्यांचा वेगळा तुकडा दे – पुरुषमाणसं वडी घेऊन डोकं, दाढी, अंग सगळं एकदाच घासतात, आणि वडी आठवड्यात गायब.

ऊन, धुळवड आणि थोडी काळजी

४६. स्कूटीवर बसताना स्कार्फ नुसता तोंडाला नको, केस पूर्ण आत घे – उन्हानं रंग उडतो, आणि नवतपात तर सीताबर्डीच्या एका फेरीतही ऊन पुरेसं लागतं. डोक्याला पदर, रंगाची कदर.

४७. पोहायला जाण्याआधी केस साध्या पाण्यानं भिजव – आधीच भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी ओढतो. पोहून आल्यावर लगेच पुन्हा साधं पाणी, वडी नाही.

४८. धुळवडीच्या सकाळी केसांना खोबरेल लावून घट्ट वेणी घाल, आणि रंग आधी कोरडाच झटक – तेलामुळे बाहेरचा रंग कमी चिकटतो, नाहीतर दोन्ही रंग काढायला तीन-तीनदा शाम्पू करत बसशील.

४९. बोअरच्या पाण्यानं केस निस्तेज झाले असतील तर क्षार काढणारा, घटकांत ईडीटीए असलेला शाम्पू पुन्हा रंगवण्याच्या दोन-तीन दिवस आधी वापर, नंतर नाही – तो क्षारांबरोबर थोडा रंगही नेतो, आधी वापरलास तर जुनाच जातो.

५०. मेंदीवर पार्लरचा रंग लावायचा असेल तर पार्लरवालीला मेंदीचं खरं खरं सांग – काही तयार मेंद्यांत धातूंचे क्षार असतात, पेरॉक्साइडशी त्यांचं जमत नाही. आधी चार केस कापून त्यावर लावून बघायला सांग.

५१. प्रत्येक वेळी रंगवण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून बघ, मागच्या वेळी काही झालं नव्हतं तरीही – पीपीडी नावाच्या घटकाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावर अचानकही सुरू होते, आणि 'काळी मेंदी' म्हणून विकतात तिच्यातही बहुधा तोच असतो.

५२. टाळूला खाज, पापण्यांना सूज किंवा मानेवर पुरळ आलं तर वडी बदलत बसू नको, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर त्याच क्षणी दवाखाना – घरगुती उपायांनी यात दिवस जातात, आणि हे दिवस घालवायचं काम नाही.

५३. उरलेला डाय कपाटात वर, कुलपात ठेव; कालवलेला रंग तर ठेवूच नको, फेकून दे – पोटात गेला तर पीपीडी जिवावर बेततो, आणि तुझ्या घरी पोट्टे रांगायला लागतील तेव्हा त्यांना सगळ्यात आधी तीच पुडी सापडेल.

५४. आत्ता जी वडी घेऊन बसली आहेस तिच्या मागच्या बाजूचा फोटो काढून मला पाठव, पुढची फुलंपानं नको – अक्षरं बारीक असली तरी चालेल, माझा नवा चष्मा आला आहे. आणि ती साबणाची निघाली तर टाकू नको, हातरुमाल धुवायला ठेव.